एकाच रोपाचे अनेक रंग

मुळे पांढरी, पाने हिरवी व पिकलेले फळ तांबडे, असे एकाच मिरचीच्या रोपात का असावे, हा प्रश्न शाळेतील मुले पुष्कळदा विचारतात. माती एक, पाणी एक, मग रंग निरनिराळे का? "ते तसेच असते" असे सांगून मुलांस गप्प बसविणे आम्हांस बरे वाटत नाही.

पानांत हरितद्रव्य नावाचा पदार्थ असतो. पेलेतिए व काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून १८१७ साली त्याचे नामकरण केले. सूर्यप्रकाशातील तांबडे व निळे किरण हा पदार्थ शोषून घेतो. हिरव्यांपैकी पुष्कळसे परत फिरतात व तेच आपल्या डोळ्यांस दिसतात. शोषलेल्या किरणांच्या बळावर पान हवा व पाणी यांपासून साखर तयार करिते. पान हे रोपाचे स्वयंपाकघरच होय. मुळास अंधारात हा उद्योग नाही, म्हणून तेथे हरितद्रव्यही नाही. बटाटा मात्र खरे पाहता मूळ नसून जमिनीतील खोड आहे. तो उजेडात पडला की हिरवा होतो व त्याबरोबर त्यात एक कडू विषही वाढते. शिजविल्याने ते पुरते जात नाही. ज्या घरी लहान मुले आहेत तेथे असे हिरवे पडलेले बटाटे मुळीच रांधू नयेत.

मिरची पिकते तेव्हा हरितद्रव्य मोडते व तांबडे रंगद्रव्य तयार होते. पक्ष्यांस तांबडा रंग लांबून दिसतो आणि तिखटपणा जाणवत नाही. म्हणूनच पोपट ती मजेने खातो! पुष्कळ पक्ष्यांच्या पोटातून बी धड बाहेर पडते व दूरवर रुजते. फुलांचे रंगही असेच पाहुण्यांसाठी असतात. जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात कुसकरून एका वाटीत लिंबू पिळावे व दुसरीत सोडा टाकावा. एक लालभडक होईल, दुसरी हिरवट. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

परंतु शेतकऱ्याचे खरे काम पानाच्या रंगाशी आहे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे. कारण रोप जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्यांस देते. लोह असे हलविता येत नाही, म्हणून ते कमी पडल्यास शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग व ऊस यांवर हे पुष्कळदा दिसते.

कपाशी लाल पडली की "नजर लागली" म्हणून बांधावर लिंबू-मिरची टांगणारे अद्याप आहेत. त्याने कपाशी हिरवी होत नाही. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. ते किंवा नत्र कमी पडले, मुळांशी पाणी साचले, अथवा रात्री थंड झाल्या, म्हणजे हरितद्रव्य घटते आणि तांबडे रंगद्रव्य वर येते. यासच लोक लाल्या म्हणतात. तुडतुड्यांनी रस शोषल्यानेही पाने कडेने लाल होतात. तेव्हा खतास पैसे घालण्यापूर्वी पान उलटे करून पाहावे, व कीड नसल्यास मातीची तपासणी करून घ्यावी.