हिवाळी टायर कधी चढवावेत?

प्रश्न : नोकरीनिमित्त नुकतेच म्युनिकला आलो. शेजारी ऑक्टोबरमध्येच टायर बदलतात. बर्फ पडेपर्यंत थांबलं तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : थांबू नये. पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये झुंबड उडते आणि वेळ मिळत नाही.

जर्मनीचा कायदा ठरावीक तारीख सांगत नाही. रस्त्यावर बर्फ, हिमकण किंवा गोठलेलं दव असेल, तर हिवाळी टायर सक्तीचे. नियम मोडल्यास किमान 60 युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. 1 ऑक्टोबर 2024 पासून फक्त डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरतात. नुसतं जुनं ‘एम+एस’ चिन्ह पुरत नाही. चालकांचा ढोबळ संकेत मात्र सोपा : ऑक्टोबर ते ईस्टर.

यामागचं कारण रबरात आहे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं, पकड सुटते, ब्रेक दाबल्यावर गाडी लांबवर जाते. हिवाळी रबर मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. म्हणून पारा सकाळी सातत्याने 7 अंशांखाली जाऊ लागला, की टायर बदलावेत.

खाचांची खोलीही मोजावी. जर्मनीत कायदेशीर किमान 1.6 मिलिमीटर, पण 4 मिलिमीटरखाली हिवाळी पकड बरीच घटते. शेजारच्या ऑस्ट्रियात तर त्याहून झिजलेला टायर हिवाळी मानलाच जात नाही. साल्झबुर्गला जाण्याचा बेत असेल, तर हे आधी तपासा.

गॅरेजची वेळ सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा.