संकरित गाय आणि जनुक बदललेले जनावर : फरक ओळखा



ऊस नोंदीसाठी फिरताना एका सभासदांनी मला गोठ्यापाशी थांबवले. म्हणाले, "साहेब, दलाल म्हणतो ही कालवड जीन बदललेली आहे, दूध दुप्पट देणार. वीस हजार जादा मागतोय. देऊ का?" मी म्हटले, "एक पैसाही जादा देऊ नका." का, ते सर्वांनाच कळावे म्हणून हा लेख.

संकर म्हणजे काय, ते आपण उसात पाहतोच. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून को ८६०३२ निघाला. गावठी गाईला होल्स्टीन वळूचे कृत्रिम रेतन केले की संकरित कालवड होते. दोन्हीकडे आई-बापाचेच गुण एकत्र येतात. बाहेरचे जनुक घातलेले नसते.

जनुक बदलणे हे काम वेगळे. मादीचे फळलेले अंडे सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, केसाहून बारीक काचेच्या सुईने हवे ते जनुक आत सोडतात आणि ते अंडे दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवतात. पुष्कळ अंडी वाया जातात, मोजक्याच पिलांत जनुक टिकते. १९८२ साली अमेरिकेत पामिटर व ब्रिन्स्टर यांनी छोट्या उंदरात मोठ्या जातीच्या उंदराचे वाढीचे जनुक घातले. काही पिले जवळजवळ दुप्पट झाली. आता जनुक नेमक्या जागी कापण्याचीही पद्धत आली आहे.

याचे उपयोग असे :

१) औषध – शेळीत माणसाचे जनुक घालून तिच्या दुधातून रक्ताच्या गुठळ्या रोखणारे प्रथिन काढले. अमेरिकेने त्यास २००९ मध्ये मान्यता दिली.

२) मासा – लवकर वाढणाऱ्या सामन माशाला २०१५ मध्ये तिथेच मान्यता मिळाली. पण कंपनीने २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. म्हणजे शास्त्र जमले तरी धंदा जमेलच असे नाही.

३) रोग – श्वसनाचा एक विषाणुजन्य रोग होऊ नये म्हणून जनुक कापलेल्या डुकरांना २०२५ मध्ये तिथे मान्यता मिळाली.

आपल्याकडे अशा कामावर १९८९ च्या नियमांनी बंधन आहे. केंद्राच्या समितीची परवानगी लागते. शेतकऱ्याने पाळावी अशी जनुक बदललेली गाय किंवा म्हैस आपल्या देशात मंजूर झालेली नाही. तेव्हा तसे सांगून कोणी जादा पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा. कालवडीच होण्यासाठी मिळणाऱ्या रेतमात्रेतही जनुक बदललेले नसते, फक्त शुक्रजंतू निवडलेले असतात.

कालवड घेताना कानातला बिल्ला, रेतनाची नोंद, वळूचा क्रमांक आणि आईचे दूध किती, एवढे पाहा. पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. बेणे आपण खात्रीच्या मळ्यातूनच आणतो ना? मग जनावर तरी तोंडी शब्दावर का घ्यायचे?

– ऊस विकास अधिकारी