सभ्य चेहऱ्याची चूक

गणिताच्या इतर शाखांत चूक झाली, तर ती बहुधा स्वतःहून हजर होते. त्रिकोणाची एखादी बाजू ऋण निघते, समीकरणात उत्तर परत घालून पाहिले की डावी-उजवीकडचे आकडे जुळत नाहीत, आणि विद्यार्थी निमूटपणे मागच्या पायरीकडे वळतो. संभाव्यतेच्या प्रांतात असा पहारेकरी नाही. तेथे चुकीचे उत्तरसुद्धा बरोबर उत्तराप्रमाणेच शून्य आणि एक यांच्या दरम्यान, नीटनेटका अपूर्णांक होऊन, सभ्य चेहऱ्याने बसलेले असते; आणि तीन-अष्टमांश खरे की पाच-अष्टमांश, हे त्यांच्याकडे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. विद्यापीठात पहिल्या वर्षी हा विषय घेणाऱ्या मुलामुलींनी सूत्रांची वही उघडण्यापूर्वी एवढी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, असे प्रथम विद्यार्थी म्हणून आणि नंतर पुष्कळ वर्षे शिक्षक म्हणून जे पाहिले त्यावरून मला वाटते.

आमच्या वर्गात गणितात पैकीच्या पैकी गुण घेऊन आलेले थोडेथोडके नव्हते, आणि मीही त्याच पंगतीतला. आरंभीचे आठवडे मोठ्या सुखाचे गेले. फासे, नाणी, पत्त्यांचा जोड, थैलीतले तांबडे-पांढरे चेंडू ही सारी सामग्री ओळखीची. क्रमचय आणि संचय आधीच घोटून झालेले. फळ्यावरचे उदाहरण सुटत असता प्रत्येक पायरी पटत जाई आणि तास संपताना विषय कळल्याचे समाधान घेऊन आम्ही बाहेर पडत असू. या समाधानापासून सावध राहावे, असे मी आज सांगतो. कारण फळ्यावर सरांनी सगळे निर्णय आमच्या वतीने आधीच घेतलेले असत: मोजायचे काय, क्रम धरायचा की सोडायचा, चेंडू थैलीत परत टाकला की नाही, कोणते पर्याय समान शक्यतेचे मानायचे, आणि आमच्या वाट्याला उरे तो केवळ हिशेब. चाचणीच्या दिवशी हे निर्णय ज्याचे त्याच्यावर येऊन पडले. पेपर परत मिळाले तेव्हा हिशेब जवळजवळ सर्वांचे बिनचूक होते, उत्तरे मात्र निम्म्याहून अधिकांची चुकली होती, आणि एकालाही लिहिताना तिळमात्र शंका आलेली नव्हती.

हे दुर्दैव केवळ नवशिक्यांचेच आहे असे समजून कोणी खट्टू होऊ नये. अठराव्या शतकातला फ्रान्सचा अग्रगण्य गणिती द'अलाँबेर याने १७५४ साली विश्वकोशातील लेखात असा प्रश्न घेतला की, नाणे दोनदा उडवले असता निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? त्याचे म्हणणे असे की, पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ तेथेच संपला. नाहीतर काटा पडून मग छापा, किंवा काटा पडून पुन्हा काटा. म्हणजे एकूण तीन प्रकार, त्यांतले दोन अनुकूल, म्हणून उत्तर दोन-तृतीयांश. खरे उत्तर तीन-चतुर्थांश आहे. त्या तीन प्रकारांतला पहिला एकटाच निम्मी शक्यता घेऊन बसला आहे आणि उरलेल्या दोघांना मिळून निम्मी राहते, ही गोष्ट त्याच्या यादीत कोठेच दिसत नव्हती. म्हणून यादी करणे पुरेसे नाही. यादीतला प्रत्येक धनी सारख्याच हिश्श्याचा आहे काय, हे विचारणे हे या विषयातले पहिले कर्तव्य, आणि ते सूत्र विचारीत नाही, माणसालाच विचारावे लागते.

तर मग पहारेकरी नसलेल्या या प्रांतात पहारा ठेवावा तरी कसा? माझ्या अनुभवात एक उपाय फार उपयोगी पडला: उत्तर ज्या युक्तिवादाने मिळाले तो युक्तिवाद टोकाला नेऊन पाहणे. फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा सहा पडण्याची शक्यता विचारली की वर्गातले अर्धे हात 'चार-षष्ठांश' म्हणून वर येतात. ठीक आहे, मग हाच न्याय लावून फासा सहा वेळा टाका. उत्तर येते एक, म्हणजे सहा पडणारच. आणि सात वेळा टाकला तर उत्तर एकाच्याही वर जाते. सापशिडी खेळलेल्या कोणत्याही पोराला विचारा, सहाची वाट पाहण्यात किती डाव जातात! 'निदान एकदा' हे शब्द दिसले की 'एकदाही नाही' याची शक्यता आधी काढावी, ती पाच-षष्ठांशाचा चौथा घात, आणि एकातून वजा करावी, उत्तर ०.५१८ येते. शेव्हालिए द मेरे या फ्रेंच लेखकाला हे चार खेपांचे गणित ठाऊक होते, पण एका फाशाला चार खेपा पुरतात तर दोन फाशांवर दोन्ही सहा पडायला त्याच प्रमाणात चोवीस पुरायला हव्यात, हा जुना त्रैराशिकाचा हिशेब का जुळत नाही, याने तो त्रस्त झाला होता. तेथे खरी शक्यता ०.४९१, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी. पास्कालने १६५४ साली फर्माला लिहिलेल्या पत्रांत ही तक्रार नोंदली गेली आहे, आणि त्या पत्रव्यवहारातूनच हे शास्त्र पुढे उभे राहिले.

'परस्पर अपवर्जक' आणि 'स्वतंत्र' या दोन संज्ञांची गल्लत दरवर्षी नव्याने होते, तिच्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. एक घडली की दुसरी घडणे अशक्य, अशा दोन घटना एकमेकींवर कमालीच्या अवलंबून आहेत. त्यांना स्वतंत्र म्हणणे म्हणजे शब्दाचा उलटा अर्थ लावणे होय.

अधिक वेळ द्यावा तो सशर्त संभाव्यतेला, कारण येथे पाय घसरला तो पुढे संख्याशास्त्राच्या अखेरच्या प्रकरणापर्यंत सावरत नाही. समजा, दहा हजार लोकांत शंभरांना एखादा रोग आहे. तपासणी रोग्यांपैकी शेकडा ९९ बरोबर ओळखते, आणि निरोग्यांपैकी शेकडा ५ जणांना उगाच रोगी ठरवते. तपासणीत दोष निघालेल्या माणसाला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? शहाणीसुरती माणसे पंचाण्णव टक्के म्हणून मोकळी होतात. टक्के बाजूला ठेवून माणसे मोजा. शंभर रोग्यांतले ९९ सापडले. ९९०० निरोग्यांतले ४९५ विनाकारण अडकले. एकूण ५९४, आणि त्यांत खरे रोगी ९९, म्हणजे बरोबर एक-षष्ठांश. 'रोग असता दोष निघणे' आणि 'दोष निघाला असता रोग असणे' ही दोन निराळी विधाने आहेत, आणि मराठीत पूर्ण वाक्य लिहून काढल्याखेरीज हा निराळेपणा डोळ्यांत भरत नाही. या हिशेबाचे बेझचे सूत्र ज्याला तोंडपाठ आहे आणि हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही, त्याने सूत्र विसरून वाक्य शिकावे.

पुढे परिकल्पना-चाचणी येते तेव्हा हीच उलटापालट नव्या वेषात भेटते. रोनाल्ड फिशरने १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहा ओळखणाऱ्या बाईंचा प्रयोग सांगितला आहे: आठ कप, चारांत दूध आधी ओतलेले, चारांत चहा आधी, बाईंनी चवीवरून ते चार निवडायचे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार, तेव्हा केवळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता एक-सप्ततीअंश, सुमारे ०.०१४. विद्यार्थी आणि, सांगायला संकोच वाटतो, काही प्रबंधलेखकही यावरून लिहितात की, बाई अंदाजाने बोलत होत्या याची शक्यता ०.०१४. हे फिशरने सांगितलेले नाही. अंदाजच होता असे धरले तर असा निकाल किती विरळा, एवढेच हा आकडा, म्हणजे पी-मूल्य, सांगतो. अंदाज होता की नव्हता याचा निवाडा तो देत नाही.

नमुन्याविषयी मात्र जे कळले ते पुस्तकात नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजरीच्या शेतात. पिकाचा उतारा नजरेने ठरवून आणेवारी लावण्याची महसूल खात्याची जुनी वहिवाट. तिला यादृच्छिक नमुन्याच्या पीक कापणी प्रयोगांची जोड शेतकी संशोधनाने दिली, आणि त्या कार्यात अग्रभागी होते डॉ. पां. वा. सुखात्मे, हे याच जिल्ह्यातल्या बुध गावचे. सुटीत ओळखीच्या तलाठ्यांबरोबर मी असा एक प्रयोग पाहायला गेलो होतो. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजून जागा निघाली ती नेमकी बांधालगतच्या बाभळीच्या सावलीत, जेथे कणसे बोटाएवढी. शेतमालक कळवळून म्हणाला, "भाऊसाहेब, हितं काय बी न्हाई, पलीकडं घ्या की दोरी." तलाठी शांतपणे म्हणाले, "दादा, आकड्यानं जिथं सांगितलं तिथंच दोरी. पुढच्या गावाला आकडा उत्तम रान दाखवील, तिथंही मी हलणार नाही." त्या सद्गृहस्थांना प्रमाण-त्रुटीची व्याख्या ठाऊक असेल-नसेल, पण नमुना सोयीने निवडला की पुढचे सर्व गणित कितीही शुद्ध असले तरी ते कशाचेच गणित राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. परीक्षेच्या प्रश्नात 'यादृच्छिक नमुना घेतला' हे तीन शब्दांचे आश्वासन फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

लहान नमुन्याच्या टी-चाचणीबद्दल 'तीसच्या खाली टी, वर झेड' असा एक मंत्र प्रचलित आहे. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला असलेल्या गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली या चाचणीचा मूळ निबंध लिहिला, तो समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक नसताना नमुन्यावरूनच ते अंदाजावे लागते म्हणून; तीस हा आकडा सोयीचा, कारण ते नव्हे. संगणकावर दोन कळा दाबून आता कोणतीही चाचणी होते, ही सोय उत्तमच आहे. पण यंत्र उत्तराबरोबर प्रश्न तपासून देत नाही.

आता प्रात्यक्षिकांच्या जर्नलविषयी, कारण तेथे मुले सर्वांत बेफिकीर असतात. नाणे शंभर वेळा उडवून नोंद करा, असे सांगितले की एक जण उडवतो आणि बाकीचे उतरवतात, किंवा कोणीच न उडवता बसल्या जागी छापा-काटा लिहून काढतात. अशी नोंद शिक्षकाला क्षणात ओळखू येते. खऱ्या शंभर नोंदींत सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे कोठेतरी येणे जवळजवळ निश्चित असते, शक्यता शेकडा ९७ च्या घरात; मनाने लिहिणाऱ्याचा हात मात्र तीन-चार छाप्यांनंतर आपोआप काट्याकडे वळतो. तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, जर्नल दुसऱ्याचे उतरवू नका. नाणे स्वतः उडवा, फासा स्वतः टाका, सुटीत गावी गेलात तर तलाठ्याबरोबर पीक कापणीला जाऊन उभे राहा. आणि पेपरात उत्तर लिहिण्याआधी 'काय दिले आहे आणि काय विचारले आहे' हे एक पूर्ण मराठी वाक्य कच्च्या पानावर लिहा. वेळ जातो खरा, पण तेवढा वेळ पेपरात असतो.