बिघाडाची चाहूल : पेण-रोह्याची यंत्रे आणि नोंदीचे शास्त्र

सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीच्या धरणात साठलेले पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रात उतरते, तेथील जनित्रे फिरवते आणि पुढे कुंडलिकेला मिळून रोह्याकडे वाहू लागते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्याच कुंडलिकेच्या काठी आज धाटावची औद्योगिक वसाहत उभी आहे. रोहे तालुक्यातच नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आहे, तर पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या परिसरात डोलवीचा पोलाद कारखाना आहे. या सर्व ठिकाणी पंप, पंखे, काँप्रेसर आणि विद्युत मोटारी अहोरात्र फिरत असतात. त्यांपैकी एखादे यंत्र केव्हा बंद पडेल, हे आधी कळू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर कारखानदारांइतकेच ग्रामपंचायतींच्याही उपयोगाचे आहे.

देखभालीच्या तीन रीती

यंत्राची निगा राखण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, यंत्र मोडल्यावर दुरुस्त करणे. दुसरी, ठरावीक मुदतीने ते उघडून भाग बदलणे. तिसरी, चालू यंत्राची प्रकृती सतत पाहून, बिघाडाची लक्षणे दिसताच हात घालणे. या तिसऱ्या रीतीला आता सेन्सर आणि संगणकाची जोड मिळाली असून तिलाच पूर्वानुमानावर आधारलेली देखभाल म्हणतात.

पहिल्या रीतीपेक्षा दुसरी चांगली, हे सहज पटते. परंतु मुदत पाळली म्हणजे काम झाले, हा समज मात्र अनुभवाला उतरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारारक्षक विभागातील विमानांची दर पन्नास उड्डाणतासांनी तपासणी होत असे. कॉनरॅड वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी अभ्यासल्या, तेव्हा तपासणीनंतर लगेचच बिघाडांचे प्रमाण वाढते आणि पुढे ते कमी होत जाते, असे आढळले. नीट चाललेले यंत्र विनाकारण उघडण्यातही धोका असतो, हा त्याचा अर्थ. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत नोलन व हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. वयोमानानुसार झिजून बिघडणारे भाग सुमारे ११ टक्केच असल्याचे त्यात दाखविले होते. उरलेल्या भागांना केवळ मुदत ठरवून देण्याने फारसा लाभ होत नव्हता. दिनदर्शिकेपेक्षा यंत्राकडे पाहणे अधिक श्रेयस्कर, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

यंत्राची नाडी

वस्तुतः आपल्या कारागिरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पेचकशाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरणारा फिटर आपण पाहिला असेल. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून नाद ऐकणारा कामगारही जुन्या प्रवाशांना आठवेल. आजची उपकरणे हेच काम करतात. फरक एवढाच की, ती जे ऐकतात ते आकड्यांत लिहून ठेवतात.

मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या पंपाचे उदाहरण घेऊ. त्याचा दांडा सेकंदाला २४ वेळा फिरतो. फिरत्या भागाचा तोल गेला असेल, तर कंपन मुख्यतः याच गतीने, म्हणजे सेकंदाला २४ वेळा उमटते. मोटार आणि पंप एका रेषेत नसतील, तर बहुधा त्याच्या दुपटीने, म्हणजे ४८ वेळा उमटणारे कंपन वाढते. बेअरिंगच्या गोळीला वा कड्याला चरा पडला, तर त्याहून पुष्कळ वरच्या पट्टीतील कंपने दिसू लागतात. अशा रीतीने कंपनाच्या पृथक्करणावरून दुखणे कोठे आहे, हे यंत्र न उघडता कळते.

कंपनाची मर्यादाही ठरलेली आहे. मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात कंपनवेग सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत दीर्घकाळ चालण्यास योग्य मानला गेला आहे. ७.१ मिलिमीटरच्या वर गेल्यास यंत्राला इजा पोहोचण्याचा संभव असतो. कंपनाबरोबरच बेअरिंगचे तापमान, वंगणातील धातूचे कण आणि मोटारीने घेतलेला विद्युतप्रवाह यांचीही नोंद केली जाते. रोहित्राच्या तेलात विरघळलेले वायू तपासून आतील दोष ओळखता येतो. त्यात ॲसिटिलीन आढळल्यास आत ठिणग्या पडत असल्याची शंका येते.

तथापि एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. महत्त्व असते ते आकड्यांच्या ओघाला. २.० वर स्थिर असलेले कंपन तीन आठवड्यांत ३.५ वर गेले, तर ती चाहूल होय. संगणक जुन्या नोंदींशी नव्या नोंदी ताडून ही वाढ ओळखतो आणि किती अवधी उरला आहे, याचा अदमास देतो. मात्र मागील बिघाड केव्हा आणि कशाने झाले, हेच लिहून ठेवलेले नसेल, तर संगणकालाही काही शिकता येत नाही. शिवाय प्रत्येक बिघाड पूर्वसूचना देऊन येतो, असे नाही. कधी इशारा खोटाही निघतो आणि खोट्या इशाऱ्यांना कंटाळून खऱ्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून निर्णय शेवटी जाणत्या माणसानेच घ्यावयाचा असतो.

प्रश्न केवळ उत्पादनाचा नाही

यंत्र बंद पडले म्हणजे उत्पादन थांबते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या वायू संकुलात गळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी असतात आणि कोणतेही एक उपकरण सर्व अपघात टाळील, असे म्हणणे अवास्तव ठरेल. परंतु रसायने व ज्वलनशील वायू हाताळणाऱ्या कारखान्यात पंपाचे एक सील निकामी होणे, ही शेजारच्या वस्तीच्या जिवाशी निगडित बाब असते, हे ध्यानात ठेवावयास हवे. त्यात खाडीची खारी हवा आणि कोकणचा पावसाळा यांमुळे लोखंड गंजते व मोटारींच्या वेटोळ्यांत ओल शिरते. येथील यंत्रांवर लक्षही अधिक ठेवावे लागते.

गावच्या पंपघरात

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गावी जाण्याचा प्रसंग आला. नळयोजनेची मोटार जळाली होती आणि बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जात होत्या. पंपचालकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आवाज पंधरा दिवस आधीच बदलला होता. पण सांगायचं कुणाला आणि लिहायचं कुठं?" पंपघरात नोंदवही होती. तिच्यात फक्त पंप सुरू व बंद केल्याची वेळ लिहिण्याची सोय होती.

पेणच्या खारेपाटातील ग्रामस्थांना पाण्याचे मोल सांगावयास नको. जलजीवन मिशनमुळे २०१९ पासून गावोगावी नळयोजनांची कामे झाली असून त्या चालविण्याची जबाबदारी गावावर आहे. त्यासाठी महागडे सेन्सरच हवेत, असे नाही. नोंदवहीत रोज पाच गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ साधेल : विद्युतदाब, तिन्ही फेजचा प्रवाह, टाकी भरण्यास लागलेला वेळ, मोटारीची उष्णता आणि आवाजातील फरक. चार तासांत भरणारी टाकी पाच तास घेऊ लागली, तर पंपाची झीज, वाहिनीतील गळती किंवा उद्भवातील घट यांपैकी काहीतरी घडत आहे. तिन्ही फेजच्या प्रवाहांत तफावत वाढत असेल, तर मोटार जळण्यापूर्वी वीजतंत्र्याला बोलवावे. शाळेतील शिक्षकांनी या नोंदींचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास गणिताचा तास आणि गावाचे काम एकाच वेळी होईल.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे भूषविले. देशाचा कारभार खात्रीच्या आकड्यांवर चालावा, हा त्या संस्थेच्या कार्यामागील विचार होता. गावच्या पंपघरालाही तो तितकाच लागू पडतो. ग्रामपंचायतींनी पंपाच्या नोंदवहीत वरील पाच रकाने आखून घ्यावेत, दर महिन्याच्या बैठकीत ती वही उघडावी आणि पंपचालकाने लिहिलेल्या शेऱ्यावर काय कार्यवाही झाली, हे त्याच पानावर नोंदवावे.