ट्रामचे रूळ

काळाचौकी हा मुंबईच्या गिरणगावाचा भाग. पूर्वेस कॉटन ग्रीनची कापसाची गोदामे, पश्चिमेस लालबाग-परळच्या कापडगिरण्या आणि मध्ये कामगारांच्या चाळी, अशी येथील वस्ती होती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला, की चाळीचाळींतून माणसे बाहेर पडत. कोणी पायीच गिरणी गाठी. कोणाला दूर जायचे असले, तर तो लालबागच्या हमरस्त्यावर येऊन ट्राम पकडी. आज त्या रस्त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात. घंटा वाजवीत ट्राम कधी दादरकडे, तर कधी बोरीबंदरकडे निघून जाई.

मुंबईत पहिली ट्राम 9 मे 1874 रोजी धावली. तिला घोडे ओढीत असत. विजेची ट्राम सुरू झाली, ती 7 मे 1907 रोजी. पुढे 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने ही वाहतूक आपल्या ताब्यात घेतली. गाडी सर्वांच्या नजरेस पडे. तिला वाहून नेणाऱ्या रुळांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नसे. जाणार तरी कसे? आगगाडीचे रूळ खडीवर उघडे असतात, तर ट्रामचे रूळ रस्त्यातच पुरलेले असत. दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाचे चिरे बसविलेले आणि त्यांच्यामधून लोखंडाची एक चकाकती रेघ, एवढेच काय ते दिसे.

त्या रेघेच्या बाजूने एक अरुंद खाच असे. ट्रामच्या चाकाची कड या खाचेतून फिरे. त्यामुळे चाक रूळ सोडून जात नसे आणि बैलगाड्या, हातगाड्या, पादचारी यांनाही रूळ सहज ओलांडता येत. परंतु हजारो गाड्यांच्या भाराने रुळाचा माथा हळूहळू झिजतो. माथा झिजला, की खाच उथळ होते. अखेर चाकाची कड खाचेच्या तळावर घासू लागते. वळणावर ही झीज अधिक होते, कारण तेथे चाक रुळाच्या कुशीवर रेटा देते. पावसाळ्यात चिऱ्यांच्या फटींतून पाणी आत मुरते व रुळाखालची बैठक सैल होते. सगळ्यांत आधी खचतो, तो दोन रुळांचा जोड. गाडी त्यावरून गेली, की प्रवाशांस हिसका बसतो. चालत्या गाडीत डोळे मिटून बसलेल्यालाही तो कळतो!

असे रूळ बदलावेच लागतात. ट्राम जेथे जेथे चालल्या, तेथे या कामाची रीत बहुतेक सारखीच होती. प्रथम अभियंता रुळांची तपासणी करतो. खाचेची खोली व दोन रुळांमधील अंतर मोजून, बदलावयाच्या भागावर तो खुणा करवितो. काही दिवसांनी नवे रूळ रस्त्याच्या कडेला येऊन पडतात. अशा रुळाचा एक मीटर लांबीचा तुकडाच सुमारे 50 किलोग्रॅम भरतो. म्हणजे 12 मीटरच्या रुळाचे वजन 600 किलोग्रॅमच्या घरात जाते. तो उचलण्यास पुष्कळ माणसांचे हात लागतात आणि सर्वांचे बळ एकाच क्षणी लागावे लागते. म्हणून एक जण हाळी देतो व बाकीचे तिच्या तालावर जोर करतात. रूळ कोठे बसवावयाचा, हे आधीच ठरलेले असल्याने ते त्याच क्रमाने मांडून ठेवतात. वळणाचे रूळ स्क्रूच्या यंत्राने आधीच वाकवून आणलेले असतात. ऐन वेळी ते काम करीत बसण्यास सवड नसते.

कारण खरी अडचण वेळेची असते. गाड्या दिवसभर बंद ठेवता येत नाहीत. गिरणीची पाळी रुळांसाठी थांबत नसे. उशिरा पोहोचलेल्या कामगाराचे नुकसान होई. तेव्हा शेवटची गाडी आगारात गेल्यापासून सकाळची पहिली गाडी निघेपर्यंत जे काही तास मिळतात, तेवढ्यात जमेल तितके काम उरकावे लागते. काम मोठे असेल, तर एक मार्ग बंद ठेवून दुसऱ्यावरून दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीने सोडतात. रात्री खणलेल्या जागेभोवती तांबडे दिवे लावतात. पहारीने चिरे उचकटून, पुन्हा वापरता यावेत म्हणून एका बाजूस रचून ठेवतात. जुना रूळ निघतो, खालची बैठक नीट करतात आणि नवा रूळ बसतो. दोन्ही रुळांतील अंतर कायम राहावे म्हणून त्यांना आडव्या लोखंडी सळयांनी बांधून टाकतात.

मग जोडाचे काम येते, आणि पाहण्यासारखे असते ते हेच. लोखंडाचा ऑक्साइड व ॲल्युमिनियम यांची भुकटी एकत्र पेटविली, की क्षणात प्रचंड उष्णता निर्माण होऊन वितळलेले लोखंड मिळते. ते जोडाच्या फटीत ओतले, की दोन्ही रूळ एकजीव होतात. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. 1899 साली एसेन शहरात ट्रामच्या रुळांवर ती वापरण्यात आली.

विजेच्या ट्रामला पक्क्या जोडाची गरज आणखी एका कारणाने असते. वरच्या तारेतून आलेली वीज गाडीच्या मोटारीतून चाकात व चाकातून रुळात उतरते, आणि रुळांवाटे परत जाते. जोड सैल असला, तर तीच वीज जमिनीतून, जवळच्या पाण्याच्या लोखंडी नळातून वाट काढते. ज्या ठिकाणी ती नळातून बाहेर पडते, तेथे नळ कुरतडल्यासारखा झिजतो. रस्त्यावरील एका वाईट जोडामुळे घरचे पाणी जाण्याची पाळी येऊ शकते, हे कोणास खरे वाटेल?

मुंबईच्या रस्त्यांवर पुढे बस व मोटारी वाढल्या. 31 मार्च 1964 रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तिला निरोप देण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले होते. दादरच्या पूर्व भागास आजही लोक 'दादर टी. टी.' म्हणतात; त्यांतील पहिला 'टी' हा ट्रामचाच. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने मात्र ट्राम सोडली नाही. तेथे सुमारे 250 किलोमीटरचा ट्राममार्ग आहे आणि त्याचे झिजलेले रूळ पाळीपाळीने बदलले जातात.

काळाचौकीच्या मुलांना रुळांच्या दुरुस्तीची तयारी आजही पाहता येते. कॉटन ग्रीन स्थानकावरून हार्बर मार्गाच्या गाड्या जातात. रविवारी त्या मार्गावर मेगाब्लॉक घेतला, की कामगारांच्या तुकड्या रुळांवर उतरतात. पादचारी पुलावर उभे राहिले, तर त्यांचे मोजमाप, ठोकाठोक आणि मधूनच घड्याळाकडे पाहणे, सारे काही दिसते. ब्लॉक संपण्याची वेळ त्यांनाही ठरवून दिलेली असते.

ट्रामचे रूळ काही ठिकाणी उखडण्यात आले, तर काही ठिकाणी डांबराखाली तसेच राहिले. 2017-18 च्या सुमारास फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम चालले असता असे काही रूळ पुन्हा वर आले. त्यांच्या कडेचे काळे चिरेही तेथेच होते.