भाषा कशी पालटते?

इंग्रजीचा तास चालू असता विद्यार्थी आम्हांस दरवर्षी एक प्रश्न विचारतात. 'नाइट' म्हणजे योद्धा. या शब्दाच्या आरंभी 'के' आणि मध्ये 'जीएच' लिहावयाचे, पण उच्चारावयाचे मात्र नाही, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ही अक्षरे एके काळी उच्चारली जात. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज हा शब्द साधारणतः 'क्निख्त' असा म्हणे. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. पुढे छापील अक्षरे हळूहळू स्थिरावली. जीभ मात्र आपल्या वाटेने चालतच राहिली.

परंतु भाषेचा पालट पाहण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. आगरदांड्याचा धक्का पुरे आहे. येथून राजपुरीच्या खाडीने आत गेले असता मांदाडजवळ कुडा लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथील दात्यांनी आपले लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत कोरविले. त्यांत 'लेण' हा शब्द येतो. आपण आजही 'लेणे' म्हणतो. लोखंडाचा एक व्यापारी तेथे 'लोहवाणिय' म्हणून नोंदला आहे. त्यातील 'वाणिय' आज आपल्या बाजारात 'वाणी' होऊन बसला आहे.

उत्तरेस अलिबागेजवळ आक्षी येथील शिलालेख मराठी आहे. श. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. तथापि ती मराठीही आजची नव्हे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या प्रसिद्ध लेखात 'करवियलें' असे क्रियापद आहे. आपण 'करविले' म्हणतो. मधला 'य' जिभेने वाटेत टाकून दिला. श्रम वाचविण्याची जिभेस खोडच आहे, आणि पालटाचे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण सत्ता आणि शेजार. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्ते फ्रेंच बोलत. म्हणून 'कोर्ट', 'जज्ज', 'ज्यूरी' हे शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आले. तद्वत आपल्या कचेरीतील 'अर्ज', 'फिर्याद', 'वकील' हे फारसीच्या द्वारे आले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले, तरी हे तीन शब्द टिकून राहिले. आमच्या शेजारचा 'जंजिरा' हादेखील मूळचा अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. १७४० साली पोर्तुगीज चौल-रेवदंड्याहून गेले; पण 'पाव', 'चावी', 'पगार', 'घमेले' हे त्यांचे शब्द मराठीच्या घरी कायमचे राहिले. 'आगबोट' हा शब्द तर अर्धा मराठी व अर्धा इंग्रजी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्द परका असला तरी 'पगाराचा', 'चावीने', 'बोटीत' असे म्हणताना त्यास जोडलेला प्रत्यय आपलाच असतो. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला घरच्या रीतीनेच वागावे लागते. म्हणून परक्या शब्दांनी भाषा बुडत नाही.

आता शुद्ध-अशुद्धाचा विचार करू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. कोश, व्याकरणे आणि शाळा यांच्या योगे पुण्याकडील शिष्टांची बोली प्रमाण ठरली. हे प्रमाणही अचल नाही. १९५० साली विद्यार्थ्याने 'केले' असे अनुस्वारावाचून लिहिले असते तर शिक्षकाने त्यावर खूण केली असती. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम आले, आणि आज 'केलें' लिहिणाराच चुकतो!

असे असता किनाऱ्यावरील कोळी-आगरी घरातले मूल वर्गात 'पानी' किंवा 'डोला' म्हणाले की बाकीचे हसतात. ते मूल ओशाळते, आणि पुढे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. ही हानी मोठी आहे. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांची अदलाबदल आपल्या भाषांत फार पुरातन आहे. प्राकृताने संस्कृत 'न'चा 'ण' केला, मराठीने शब्दारंभी पुन्हा 'न' धरला. संस्कृत 'फल' आपल्याकडे 'फळ' झाले. तेव्हा आजीच्या बोलीत 'ण'चा 'न' झाला तर तो अपराध कसा?

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकू नये असा नव्हे. परीक्षेत, अर्जात व दूरच्या माणसाशी बोलताना तीच उपयोगी पडते, आणि ती आम्ही कसोशीने शिकवितो. परंतु ती शिकताना घरची बोली टाकण्याचे कारण नाही. विद्यार्थिमित्रांनी येत्या सुटीत एक वही करावी. वाऱ्यांची, जाळ्यांची, माशांची व होडीच्या भागांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावी आणि ती जशी उच्चारली जातात तशीच लिहून ठेवावी. यांतील पुष्कळ शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. ते बोलणारी माणसे मात्र आज आपल्या ओटीवर बसलेली आहेत.