माफ झालेलं कर्ज सिबिलवर जिवंत कसं?

प्रश्न : २०१७ च्या कर्जमाफीत माझं पीककर्ज माफ झालं. तरी बँकेचे साहेब म्हणतात, सिबिलवर थकबाकी दिसते. वरून बायकोच्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी वसुलीवाले रात्री आठला ओसरीत येऊन बसतात. काय करू?
– एक शेतकरी, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : दादा, तोंडी उत्तरावर परत फिरू नका, अहवाल हातात घ्या. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या, सिबिल धरून, चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायलाच हवा. त्यात त्या कर्जाची ओळ शोधा. शिल्लक शून्य नसेल, तर कर्जमाफीचं प्रमाणपत्र आणि बेबाकी दाखला जोडून बँक व ती कंपनी, दोघांकडे लेखी तक्रार करा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा तुमचा हक्क आहे. खरोखर उशिरा भरलेले हप्ते मात्र पुसून मिळत नाहीत.

रात्रीची वसुली तर सरळ नियमबाह्य आहे. मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करता येत नाही. तीही ठरलेल्या जागी. तिथे लागोपाठ दोनदा गैरहजर राहिलात तरच घरी. ताईंना म्हणावं, आलेल्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. आधी कंपनीला लेखी कळवा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.